मिसळीला साडेतीन तारे म्हणजे नेमकं काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत खाण्याच्या ठिकाणांची परीक्षणं नेमानं येतात. एका आठवड्यात वडापावची गाडी, दुसऱ्यात खानावळ, तिसऱ्यात माणशी चार हजारांचं रेस्टॉरंट. तिन्हींना मापायची पट्टी एकच, पाच ताऱ्यांची. मजकुरात ‘अप्रतिम’, ‘भन्नाट’, ‘चव जिभेवर रेंगाळते’ आणि शेवटी ‘आवर्जून भेट द्या’. मालक किती वर्षं धंद्यात आहे ते असतं, भिंतीवर कुणाकुणाचे फोटो लावलेत तेही असतं. पोळी गरम आली का, बिल किती झालं, परीक्षक किती वाजता गेला होता, हे मात्र नसतं. ज्याला खिशातून पैसे काढायचे आहेत त्या वाचकाला हेच तर हवं असतं.

हे पत्र लिहिणारे आम्ही हॉटेलांचे भटारखाने आणि अन्नतपासणी यांत काम केलेले लोक आहोत. आमचं म्हणणं एवढंच की प्रत्येक पदार्थाच्या बिघडण्याच्या दोन-चार ठरलेल्या जागा असतात. परीक्षकानं त्या जागा बघाव्यात आणि जे दिसलं ते लिहावं. विशेषणं वाचक आपली आपण लावेल.

सुरुवात मिसळीपासून करतो, कारण पुरवणीत तिच्यावर सगळ्यात जास्त शाई खर्ची पडली आहे. आधी गाव बघायला हवं. पुणेरी मिसळीत गोडा मसाला आणि गुळाचा अंश चालतो, खाली पोहे किंवा बटाट्याची भाजी असते आणि रश्शाला ‘सॅम्पल’ म्हणतात. कोल्हापुरात कांदा-लसूण मसाल्याचा कट आणि सोबत ब्रेडचे स्लाइस. नाशकात दही-पापडासकट ताट भरून येतं. नारायण पेठेतल्या बेडेकरांच्या मिसळीला कोल्हापूरच्या फडतऱ्यांच्या मिसळीचं माप लावून ‘झणझणीतपणा कमी’ म्हणणं हे परीक्षण झालं नाही, परीक्षकाची आवड झाली. कुठल्या वळणाची मिसळ आहे ते आधी लिहावं, मग त्या वळणात ती कशी उतरली ते.

मटकी भिजायला आठ-दहा तास लागतात. फडक्यात बांधल्यावर मोड यायला उन्हाळ्यात दहा-बारा तास, थंडीत पार चोवीस तासांपर्यंत. किलोभर कोरड्या मटकीची मोड आल्यावर दोन-सव्वादोन किलो होते. गर्दीच्या हॉटेलात नेमकी इथेच घाई होते. मोड जेमतेम डोकावला की उसळ चुलीवर चढते आणि दाणा आतून पिठूळ राहतो. उलट मे महिन्यात बांधलेली मटकी जास्त वेळ तशीच राहिली की बुळबुळीत होते, तिला आंबूस वास येतो. मसाला तो वास झाकतो, पण नुसती उसळ चमच्यात घेतली की कळतो. म्हणून कट ओतण्याआधी परीक्षकानं उसळीचे चार दाणे वेगळे खावेत. दाणा दाबल्यावर मऊ लागावा, पण सालीत अख्खा असावा आणि मोड त्याला धरून असावा. मोड सुटून तळाशी गाळ झाला असेल, तर उसळीला कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त झाल्या आहेत. त्या फुटलेल्या दाण्यांच्या पिठानं कट दाट होतो आणि छापून काय येतं? ‘मस्त दाटसर रस्सा’.

तर्री म्हणजे वरून ओतलेलं लाल तेल, असा समज अशाच लिखाणातून पसरला आहे. कांदा, सुकं खोबरं, आलं, लसूण यांचं भाजलेलं वाटण मसाल्यासह मंद आचेवर तेल सुटेपर्यंत परतायचं. पाणी घालून उकळी आली की ते सुटलेलं तेल वर येतं, ती तर्री. मोठ्या पातेल्याला या परतण्याला अर्धा-पाऊण तास सहज जातो. तो वाचवायचा म्हणजे गरम तेलात मिरचीपूड टाकायची आणि वर ओतायची. दिसायला फरक नसतो. ढवळून बघितलं की दिसतो: नीट शिजलेल्या कटाचा रंग तळापर्यंत सारखा असतो, ओतलेल्या तर्रीखाली रस्सा फिका, पिवळट राहतो. घोट घेतल्यावर मागाहून जळक्या मिरचीचा कडवटपणा येतो, तो निराळाच.

रंगावरून तिखटपणा ठरवणं हीही नेहमीची चूक. ब्याडगीनं रंग चढतो आणि तिखट बेतात राहतं. जाळ हवा तर लवंगी किंवा संकेश्वरी लागते. भडक लाल असून मिळमिळीत लागणारी मिसळ ब्याडगीची असेल किंवा रंगाची. पेलाभर पाण्यात चमचाभर तर्री सोडून बघावी. मिरचीचा रंग तेलात विरघळतो, तेव्हा तेलाचे थेंब लाल राहून वर तरंगतील आणि मसाल्याचा थोडा गढूळपणा सोडला तर पाणी पाण्यासारखंच राहील. पाण्यात लाल-केशरी रेघा उतरत गेल्या तर पाण्यात विरघळणारा कृत्रिम रंग असण्याची शक्यता आहे. या चाचणीला मर्यादा आहे. सुदानसारखे बंदी असलेले रंग तेलातच विरघळतात, ते पेल्यात सापडत नाहीत, त्यांना प्रयोगशाळाच हवी. म्हणून ‘भेसळ आहे’ असं कधीही छापू नये. ‘पाण्याला रंग उतरला’ एवढंच छापावं. ते खरंही आहे आणि त्यावरून वकिलाची नोटीसही येत नाही.

मिसळीबद्दल अजून एकच. सकाळी आठची मिसळ आणि दुपारी साडेबाराची मिसळ यांना एक मिसळ समजू नये. पातेलं सकाळपासून आचेवर असतं, पाणी आटतं, मीठ चढतं. मग वरून गरम पाणी ओतून रस्सा वाढवतात आणि मीठ-मसाला पुन्हा कुणी जुळवत नाही. डब्याचं झाकण दिवसभर उघडं राहून फरसाणही सादळतं. ताजं फरसाण कट ओतल्यावर दोन-तीन घास तरी कुरकुरीत राहतं, सादळलेलं ओतताक्षणी बसतं. फरसाणला खवट वास असेल तर ते तेल कारखान्यातच जुनं झालेलं होतं, त्याचा दोष मिसळवाल्याच्या आचाऱ्यावर टाकू नये. खरेदी करणाऱ्यावर टाकावा, आणि बहुतेक ठिकाणी तो गल्ल्यावरच बसलेला असतो. जादा रस्सा फुकट की पैशानं, जादा पाव किती रुपयांना, हेही लिहावं. ‘नव्वद रुपयांची मिसळ’ दोन जादा पाव आणि ताक धरून दीडशेवर जाते.

वडापावचा जन्म दादरला झाला हे प्रत्येक परीक्षणात वाचून आता आम्हाला पाठ झालं आहे. कढईकडे मात्र कुणी बघत नाही. वड्याला तेल 170 ते 180 अंशांच्या आसपास हवं. गर्दी झाली की गाडीवाला एका घाण्यात वीस वडे सोडतो, तेलाचं तापमान उतरतं आणि पीठ तेल पितं. वडा कागदावर अर्धा मिनिट ठेवून उचलल्यावर पडलेला डाग केवढा आहे ते सांगितलं, तर वाचकाला ‘कमी तेलकट’ या शब्दांपेक्षा जास्त कळेल. पिठात सोडा जास्त पडला तर कवच जाळीदार होतं, लालसर होतं आणि तेल धरतं. पीठ जाड भिजवलं असेल तर फोडल्यावर सारणाभोवती कच्च्या बेसनाचा पिवळा, चिकट थर दिसतो. बटाटा सोलून, चिरून उकडला की पाणी धरतो. असा वडा कढईत फुटतो, सारण तेलात जळत राहतं आणि तो कोळसा पुढच्या प्रत्येक घाण्याला चिकटतो.

वापरलेल्या तेलाला कायद्यानं मर्यादा आहे. 1 जुलै 2018 पासून, ज्या तेलातले ‘टोटल पोलर कंपाउंड्स’, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यानं त्यात साठणारी बिघाडाची द्रव्यं, 25 टक्क्यांच्या वर गेले ते तेल तळायला वापरता येत नाही. गाडीपुढे उभ्या असलेल्या परीक्षकाकडे ते मोजायचा मीटर नसतो, पण डोळे असतात. नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नये, बेसनाचा चुरा जळूनही तेल काळं दिसतं. फेस बघावा. बऱ्या तेलात वडा सोडला की मोठे बुडबुडे येतात आणि विरतात. मेलेल्या तेलात बारीक, पिवळट फेस कढईभर पसरतो आणि घाणा काढल्यावरही बसत नाही. झाऱ्यावरून ते तेल सरळ निथळत नाही, चिकट ओघळतं, आणि नेहमीच्याच आचेवर कढई धुरायला लागते. संध्याकाळी सातला गेलात तर सकाळचं तेल बदललं का, हे सरळ विचारावं आणि जे उत्तर मिळेल ते अवतरणचिन्हांत छापावं.

वडा कशात गुंडाळून दिला तेही नोंदवावं. छापील कागदात खाद्यपदार्थ बांधून द्यायला अन्न सुरक्षा प्राधिकरणाची (एफएसएसएआय) मनाई आहे, कारण शाईतली रसायनं गरम, तेलकट पदार्थात उतरतात. आपल्याच पुरवणीच्या पानात वडा मिळाला तर ती बातमी दाबू नये, ही विनंती.

खानावळीचं परीक्षण ‘घरगुती चव’ या दोन शब्दांत उरकतं. ताटात खरं तर बघायला सगळ्यात जास्त असतं. पोळ्या लाटणाऱ्या बाई वाढपाच्या वेळी चुलीपुढे आहेत, की अकरालाच पोळ्या करून डब्यात रचल्या आहेत? डब्यातली पोळी खालून ओलसर होते. कणकेत मैदा असेल तर ती गार झाल्यावर चामड्यासारखी ओढावी लागते. ज्वारीच्या भाकरीचे काठ चिरलेले असतील तर पीठ जुनं आहे किंवा पाणी पुरेसं गरम नव्हतं. बाजरीचं पीठ त्याहून लवकर कडवट होतं, म्हणून दळून किती दिवस झाले हा प्रश्न बाजरीच्या बाबतीत अगत्यानं विचारावा. वरणाला फोडणी आज पडली की कालचं वरण पाणी घालून सारखं केलं, हे हिंगाच्या वासावरून कळतं. कोशिंबिरीला पाणी सुटलेलं असेल तर मीठ फार आधी घातलं आहे. भाताकडे मात्र चवीपलीकडे जाऊन बघायला हवं. शिजलेला भात तासन्‌तास कोमट राहिला की त्यात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू वाढतो, आणि त्याचं विष परत गरम केल्यानं जात नाही. भात वाफाळता असावा किंवा थेट फ्रिजमधला असावा, मधली अवस्था नको. बुफेलाही हाच नियम: गरम पदार्थ 60 अंशांच्या वर, गार पदार्थ 5 अंशांच्या खाली. स्वयंपाकाचा थर्मामीटर खिशात मावतो. तो स्वच्छ पुसून आपल्याच ताटात टेकवायला कुणाची परवानगी लागत नाही.

पाच पानी मेन्यू असलेल्या ‘फॅमिली रेस्टॉरंट’ची गोष्ट निराळी. भटारखान्यात सकाळी तीन-चार ग्रेव्ह्या पडतात: कांदा-टोमॅटोची लाल, काजू किंवा मगजबियांची पांढरी, भाजलेल्या कांद्याची तपकिरी आणि कधी पालकाची हिरवी. मेन्यूवरच्या चाळीस भाज्या याच चार पातेल्यांतून निघतात. यात लबाडी काही नाही, रात्री नऊला दोनशे माणसं जेवायला आली की दुसरा मार्गही नसतो. पण परीक्षकानं दोन अशा भाज्या मागवाव्यात की ज्यांची ग्रेव्ही एकच असण्याचा संशय आहे, समजा व्हेज कोल्हापुरी आणि व्हेज हंडी. दोन्ही वाट्या शेजारी ठेवून चाखाव्यात. वेगळ्या फोडणीनं, वेगळ्या मसाल्यानं त्या खरोखर वेगळ्या झाल्या असतील तर तो आचारी कौतुकाला पात्र आहे. एकीवर नुसती लाल मिरची तरंगत असेल, तर तसं लिहावं.

पनीरबद्दल अलीकडे सगळेच बोलतात. दुधाऐवजी वनस्पती तेलावर बनवलेलं ‘अ‍ॅनालॉग’ पनीर विकायला बंदी नाही, ते पनीर म्हणून विकायला आहे. आयोडीनच्या थेंबानं निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे एवढंच सिद्ध होतं. नाही आला म्हणून ते दुधाचंच आहे, असं होत नाही. शिवाय हॉटेलातल्या भाजीत ग्रेव्ही घट्ट करायला अनेकदा कॉर्नफ्लॉवर असतं, त्यामुळे भाजीतल्या तुकड्यावर ही चाचणी फसवी ठरते. समाजमाध्यमांवर टेबलावर आयोडीन टाकून आरडाओरडा करणाऱ्यांची नक्कल वृत्तपत्रानं करू नये. पनीर कुणाकडून घेता, हे विचारावं आणि उत्तर छापावं. उत्तर द्यायला टाळलं तर तेही छापावं.

माशाच्या ताटाला तारीख लागते. आपल्या किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून. जुलैत पुण्या-मुंबईत ‘आजची ताजी सुरमई’ अशी पाटी दिसली, तर ती बहुधा पूर्वेकडून बर्फात आलेली आहे किंवा शीतगृहातून निघालेली. दोन्ही चांगल्या असू शकतात, फक्त ‘आजची ताजी’ म्हणून तिचे पैसे देऊ नयेत. तळलेल्या तुकडीवर चमचा दाबला की मांसाचे पापुद्रे सुटे झाले पाहिजेत. भुसभुशीत लगदा होत असेल तर मासा गोठून वितळला आहे, कदाचित दोनदा. रव्याचं कवच सालीसारखं निघून येत असेल तर मासा ओला असतानाच घोळवला. बांगडा, सुरमई, कुपा खाताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली तर घास तिथेच थांबवावा. बर्फ कमी पडला की या माशांत अ‍ॅलर्जीसारखा त्रास देणारं हिस्टामिन तयार होतं आणि ते तळून किंवा उकळून नष्ट होत नाही. मालवणी ठिकाणाच्या परीक्षणात तुकडीचं वजनही हवं. पापलेटचा दर ‘आकारमानाप्रमाणे’ लिहिलेला असतो, तिथे कच्च्या माशाचं वजन आधी दाखवलं का, हे सांगावं.

उडपी हॉटेलांचं थोडक्यात. डोशाचं पीठ आंबायला आठ ते बारा तास, पुण्याच्या डिसेंबरात त्याहूनही जास्त. घाईत सोडा पडला की डोशावर पिवळे डाग दिसतात आणि तोंडात साबणासारखी चव येते. खोबऱ्याची चटणी दुपारनंतर आंबते. चार वाजता जाऊन ती चाखली की हॉटेल कळलं.

आता वरच्या टोकाचं. मुंबईत महालक्ष्मीच्या ‘मास्क’सारख्या ठिकाणी पदार्थ आपण निवडत नाही, शेफनं ठरवलेल्या क्रमानं ते येतात. अशा जेवणाचं परीक्षण म्हणजे पदार्थांच्या नावांची यादी, हे आता थांबायला हवं. दोन पदार्थांमध्ये किती वेळ गेला ते घड्याळ बघून लिहावं. दहा-पंधरा मिनिटं ठीक, पंचवीस मिनिटं म्हणजे आत गोंधळ आहे. गरम पदार्थ गरम ताटलीत आला का? थंड ताटलीत सॉस दोन मिनिटांत साय धरतो. टेबलावर चौघे असतील तर चारही ताटल्या एकदम आल्या का? एखादा घटक चालत नसेल, म्हणजे शेंगदाणा किंवा ग्लुटेन, किंवा जेवण जैन हवं असेल, तर आधी सांगूनही त्या जागी काय दिलं: विचार करून बनवलेला पदार्थ की नुसता घटक वगळलेली तीच ताटली? पैशाला जागणं इथे कळतं. वाइनचा दर ताडायला सोपा हिशेब आहे. 750 मिलिलिटरच्या बाटलीत 150 चे पाच ग्लास होतात, म्हणून ग्लासाच्या दराची पाचपट करून बाटलीच्या दराशी ताडावी.

बिलाबद्दल मात्र सविस्तर, कारण परीक्षणात ‘दोघांसाठी सुमारे चार हजार’ असं मोघम छापलं जातं. साध्या रेस्टॉरंटला जीएसटी 5 टक्के. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला 7500 रुपयांच्या वर आहे, त्यातल्या रेस्टॉरंटला 18 टक्के. मद्यावर जीएसटी नाही, व्हॅट आहे, त्यामुळे बिलात ते वेगळं दिसलं पाहिजे. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दरानं कर भरणाऱ्या छोट्या हॉटेलाला ग्राहकाकडून कर वेगळा घेताच येत नाही. तिथल्या बिलात कराची ओळ दिसली तर ती चूक आहे. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 रोजी तशी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं 28 मार्च 2025 रोजी ती कायम ठेवली. आकडा बघा: जेवण 4000 रुपये, त्यावर 10 टक्के सर्व्हिस चार्ज 400, आणि 5 टक्के जीएसटी 4400 वर लागतो, म्हणजे 220. एकूण 4620. चार्ज काढायला सांगितला तर 4200. फरक 400 चा नाही, 420 चा. चार्ज आपणहून लावला का, काढायला सांगितल्यावर किती वेळ लागला आणि व्यवस्थापकाचा चेहरा कसा झाला, हे तीन तपशील वाचकाच्या थेट उपयोगाचे आहेत. उलट बाटलीबंद पाण्याला छापील किमतीहून जास्त घेतलं म्हणून परीक्षक चिडतात, तिथे ते चुकतात. बसून खाण्याच्या ठिकाणी तसं घेता येतं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2017 मध्ये दिला आहे. लिहायचंच असेल तर साधं पाणी न मागता मिळालं का, ते लिहावं.

ताऱ्यांचं काय करायचं? मिशेलिन मार्गदर्शकाचा तारा फक्त ताटलीतल्या अन्नाला असतो. खुर्च्या, दिवे, वाढपी त्यात धरत नाहीत, आणि परवडणाऱ्या चांगल्या ठिकाणांना ‘बिब गुरमाँ’ ही निराळी खूण. म्हणूनच 2016 मध्ये सिंगापुरातल्या दोन हॉकर ठेल्यांना तारा मिळू शकला. आपल्या पुरवणीत ‘वातावरण’ आणि ‘सजावट’ ताऱ्यातच मिसळलेली असतात. साहजिकच गाडीवरच्या उत्तम वड्याला तीन आणि वातानुकूलित हॉलातल्या सामान्य पास्त्याला चार. तारे ठेवायचेच असतील तर अन्नाचा वेगळा, दराच्या मानानं काय मिळालं त्याचा वेगळा, आणि स्वच्छतेचा ताराच नको, निरीक्षण द्यावं.

स्वच्छतेच्या निरीक्षणात अन्न सुरक्षा क्रमांक आलाच पाहिजे. तो 14 आकड्यांचा असतो. पहिला आकडा 1 असेल तर परवाना, 2 असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. 2022 पासून तो बिलावर छापणं बंधनकारक आहे. प्राधिकरणाच्या ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ अ‍ॅपवर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे आणि चालू आहे का, ते दिसतं. परीक्षकाचं हे दोन मिनिटांचं काम आहे.

पद्धतीबाबत आमची मागणी अशी. न सांगता जावं, दोनदा जावं, एकदा गर्दीच्या वारी आणि एकदा आडवारी. दोन्ही वेळा एक पदार्थ तोच मागवावा, म्हणजे सातत्य कळेल. रविवारी रात्री साडेआठची सेवा बघून मंगळवारी दुपारी जाणाऱ्या वाचकाला सल्ला देता येत नाही. चौकटीत छापावं: तारीख, वेळ, काय मागवलं, करासह बिल, किती मिनिटांत आलं, वृद्धांना चढायला पायऱ्या किती, आणि बिल कुणी भरलं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. ग्राहक व्यवहार विभागानं जानेवारी 2023 मध्ये प्रभावकांसाठी (इन्फ्लुएन्सर) नियम स्पष्ट केले आहेत: फुकट जेवण, सवलत, सहल, काहीही मिळालं असेल तर ते ठळकपणे सांगायचं. इन्स्टाग्रामवरच्या मुलामुलींना जे बंधन आहे ते वृत्तपत्रानं आपणहून पाळावं. हॉटेलच्या उद्घाटनाचं निमंत्रण, जनसंपर्क कंपनीनं भरवलेलं जेवण आणि शेजारच्या पानावर त्याच हॉटेलची अर्धपानी जाहिरात, हे तिन्ही एका रविवारी आलं तर वाचक काय समजायचं ते समजतो.

जागेची अडचण आम्हाला कळते. सहाशे शब्दांत हे सगळं बसत नाही. पण मालकाच्या आजोबांनी धंदा कसा सुरू केला आणि भिंतींचा रंग कोणता, हे दोन परिच्छेद काढले तर निम्मी जागा आपोआप मोकळी होते. आचारी बदलला, तेलाचा ब्रँड बदलला, दर वाढले, की परीक्षण शिळं होतं. तेव्हा संकेतस्थळावरच्या प्रत्येक जुन्या परीक्षणाच्या माथ्यावर ठळक तारीख टाकावी, वर्ष उलटलं की परत जावं, आणि मालकानं काही दुरुस्ती कळवली तर ती पडताळून त्याच पानावर छापावी. हॉटेलवाले त्या कात्रणांना चौकट करून गल्ल्यामागे टांगतात, आणि ती पंधरा-पंधरा वर्षं उतरत नाहीत.

आपले,
भटारखान्यात आणि अन्नतपासणीत काम केलेले काही वाचक,
पुणे